वस्तीचा पहिला नकाशा

आमच्या घरातला माझ्या लहानपणचा मुख्य आवाज म्हणजे ब्लेडने कागद खरडण्याचा. बाबा एका सरकारी ऑफिसात ट्रेसर होते. साहेब लोक पेन्सिलीने नकाशे काढत, त्यांवर पारदर्शक कागद ताणून बाबा ते शाईने गिरवत. एवढंच त्यांचं काम, पण त्याला ‘एवढंच’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. शाईची रेघ चुकली तर रबर चालत नाही, दाढीच्या ब्लेडने कागदाचा वरचा पापुद्रा अलगद काढावा लागतो, आणि हात जरा जड पडला की आरपार भोक. बाबांच्या कागदाला कधी भोक पडलेलं मी पाहिलं नाही. ऑफिसातलं उरलेलं काम ते घरी आणायचे आणि लकडगंजातल्या लाकूडबाजारातून निवडून आणलेली सागाची फळी मांडीवर घेऊन खिडकीशी बसायचे. आम्ही भावंडं त्या वेळी श्वाससुद्धा बेताने घ्यायचो, कारण फळीला धक्का लागला तर बाबा रागवायचे नाहीत, नुसते चष्मा काढून आमच्याकडे बघत राहायचे, आणि त्यापेक्षा थप्पड परवडली असती. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “अजी, जेवाले येता का त्या फळीलेच चाटता?” ताट निवून जायचं. आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर निवल्यावर कशी लागते, ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण बाबा बसल्याशिवाय आई आम्हालाही वाढत नसे.

दुसरा आवाज शेजारून यायचा. जरीपटक्याच्या मागच्या अंगाला आमची वस्ती, आणि तिच्या मधोमध एक वाकडातिकडा बोळ होता. त्याला नाव नव्हतं, सगळे नुसतं ‘बोळ’ म्हणत. आमचं घर त्याच्या तोंडाशी आणि गिरजामावशीचं घर पुढे, बोळ जिथे एकदम कोपरासारखा वळतो तिथे. मावशी लांब रोट्या करायची. गव्हाचं पीठ पाण्यात इतकं सैल भिजवायचं की ते भांड्यात राहायलाही तयार नसतं, मग ते आपटून आपटून त्याला लवचिकपणा आणायचा. हा आपटण्याचा आवाज म्हणजे आमचं घड्याळ. नंतर गोळा एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवत कोपरापर्यंत ताणायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अंथरायचा. क्षणात रोटी रुमालासारखी पातळ होऊन फुगे धरायची. लग्नं, बारशी, विहारातला कार्यक्रम, दूरदूरचे लोक मावशीला सांगून जायचे. तिचं सगळं घर त्या मडक्यावर चालत होतं. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी सासरी. ओट्यावरची ती चूल वळणाच्या आडोशाला होती हे महत्त्वाचं, कारण मडक्याला वारा चालत नाही. एका बाजूने गार झालं की रोटी तिथेच चिकटते आणि फाटते.

मी तेव्हा गणितात एम.एस्सी. करत होते. वस्तीतली मी गणिताची पहिलीच पोरगी, त्यामुळे लोकांना माझ्याबद्दल अभिमान होता आणि मी नेमकं काय शिकते याबद्दल अजिबात कुतूहल नव्हतं. आमचे सर धरमपेठेत राहत. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी त्यांनी सांगितलं की प्रत्येकाने एखादं जाळं घ्या, टिंबं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा असतील असं काहीही, आणि त्यातली सगळ्यांत महत्त्वाची रेघ कोणती ते सिद्ध करून दाखवा. एकाने रेल्वे घेतली, एकाने विजेच्या तारा. मी आमची वस्ती घेतली. खरं सांगायचं तर आळसाने घेतली, घराबाहेर पडलं की विषय सुरू. आज मोठमोठ्या सभागृहांत माझी ओळख करून देताना ‘लहानपणापासून वस्त्यांच्या रचनेची ओढ’ वगैरे म्हणतात तेव्हा मी मान डोलावते. कसली ओढ आणि कसलं काय!

पण महिनाभरात मला त्या कामाचं वेड लागलं. प्रत्येक वळण आणि प्रत्येक तिठा म्हणजे एक टिंब. दोन टिंबांच्या मधला बोळ म्हणजे रेघ. वस्तीचा मोजलेला नकाशा कुठेच नव्हता. ऑफिसच्या मोठ्या नकाशावर आमच्या जागी नुसत्या तिरप्या रेघा मारलेल्या होत्या, म्हणजे ‘दाट वस्ती’, म्हणजे पुढे बघू नका. म्हणून मीच मोजलं. बाबांनी शिकवलं तशी गाठी मारलेली दोरी घेऊन मी आणि आई सकाळी सकाळी बोळाबोळातून फिरायचो. आई दोरीचं एक टोक धरून प्रत्येक दारात गप्पा मारायला थांबायची आणि मी दुसऱ्या टोकाला चरफडायची. मग कुठल्याही दोन टिंबांमधली सगळ्यांत जवळची वाट काढायची आणि ती कुठकुठल्या बोळांतून जाते ते वहीत टिपायचं. नळावर जाणारी, पिठाच्या गिरणीवर जाणारी, शाळेची, विहाराची, बसची. माझे विद्यार्थी हे आता चहा निवायच्या आत संगणकावर करतात. मला पूर्ण पावसाळा लागला.

उत्तर आलं तेव्हा मी स्वतःशीच हसले. वस्तीतल्या बहुतेक वाटा आमच्या त्या बिननावाच्या बोळातून जात होत्या. आणि त्याहून गंमत म्हणजे, तो वाकडा होता म्हणूनच जात होत्या. त्याच्या प्रत्येक वळणाच्या कुशीत दोन-तीन चिंचोळ्या गल्ल्यांची तोंडं उघडत होती. तो सरळ केला असता तर त्यांतली निम्मी तोंडं बुजली असती आणि मागच्या लोकांना लांबून वळसा पडला असता. हे मी नुसतं म्हणत नव्हते, मांडून दाखवलं होतं. प्रबंधाचं शेवटचं वाक्य मी फार खुशीत लिहिलं होतं, की या वस्तीत काहीही बदला, पण या एका रेघेला हात लावू नका.

नकाशा मी पेन्सिलीने काढला होता आणि तो बघून बाबांचा चेहरा पडला. मुलगी एम.एस्सी. आणि तिची रेघ अशी! “हे असं देणार का तू तुह्या सराले?” ते म्हणाले. “आण इकडे.” पुढचे तीन रविवार त्यांनी त्या नकाशावर घालवले. उत्तर दिशेचा बाण, खाली मोजपट्टी, कोपऱ्यात त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात माझं नाव. जिथून जास्त वाटा जातात तिथली रेघ जास्त जाड असं मी सांगितलं होतं, त्यामुळे बोळ सगळ्यांत जाड आला, काळाभोर. मी फळीजवळ बसून त्यांना शाई भरून देत होते. मधेच ते थांबून म्हणायचे, “हा बोळ नळापाशी इतका तिरपा आहे? मी जनम काढला इथे, मले दिसलंच नाही.” आमच्या दोघांत शिक्षणाने जे अंतर पडत चाललं होतं ते त्या तीन रविवारी नव्हतं. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे रविवार होते.

नकाशाच्या प्रती काढायच्या होत्या आणि त्या काळी प्रती काढायचं यंत्र ऑफिसातच. अमोनियाच्या वासाने डोळ्यांना पाणी यायचं अशा खोलीत ते होतं. तिथे सगळेच आपापली कामं काढून घेत, कुणी लग्नाची पत्रिका, कुणी मुलाचा प्रयोगवहीतला बेडूक. ऑफिसचा नियम असा होता की यंत्रावर काहीही काढलं तर एक प्रत न्यायची आणि एक प्रत नोंद करून मांडणीवर ठेवायची. बेडूक मांडणीवर ठेवायला कुणी जात नव्हतं, हे सांगायला नको. बाबा मात्र गेले. घरचं काम ऑफिसच्या यंत्रावर केलं याचीच त्यांना लाज वाटत होती, मग निदान नियमाने तरी करावं असं त्यांना वाटलं. संध्याकाळी येऊन त्यांनी आईला सांगितलं, “साहेबांनी पाहिला. म्हणे, कोणी काढला? म्हटलं, माह्या पोरीनं मोजला, मी गिरवला.” आईने त्या दिवशी कोथिंबीर भरून सांभारवड्या केल्या. गिरजामावशी तिच्या वाटच्या चार वड्या घेऊन गेली आणि जाताना माझ्या गालाला पिठाचा हात लावून गेली.

त्यानंतर मी पास झाले, सरांनी पुढच्या संशोधनासाठी ठेवून घेतलं, आणि एक दिवस दुपारी घरी आले तर बोळात गर्दी. तीन माणसं मोजणीची फीत धरून उभी होती आणि चौथ्याच्या हातात लाल रंगाचा डबा. मावशीच्या घरात, उंबऱ्यापासून बरंच आत, भिंतीवर फुली मारलेली होती. रंग अजून ओला होता आणि खाली ओघळत होता. मावशी ओट्यावर उभी राहून विचारत होती, “काहून गा, माह्या भिंतीले काहून रंगवून राहिला?” त्याने तिला फार नरमाईने सांगितलं, “रस्ता जाणार आहे, काकू. ओटा आणि समोरची खोली जाईल. नकाशात आहे.” आणि त्याने काखेतला नकाशा उघडून दाखवला.

मी तो लांबूनच ओळखला. अक्षर ओळखीचं होतं. कोपऱ्यातलं माझं नाव खोडून तिथे ऑफिसचा शिक्का मारला होता, पण उत्तरेचा बाण बाबांचाच होता.

दुसऱ्या दिवशी मी प्रबंध काखोटीला मारून ऑफिसात गेले. साहेब सज्जन होते, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि माझं सगळं ऐकून घेतलं. बाबांचं टेबल तिथून आठ-दहा पावलांवर होतं. ते पाठमोरे बसले होते आणि त्यांचं ब्लेड थांबलेलं होतं. साहेब म्हणाले, “तुमच्या नकाशाचे आमच्यावर फार उपकार झाले. इतकी वर्षं त्या भागात काही करताच येत नव्हतं, मोजणीच नव्हती. आणि तुम्ही नुसती मोजणी नाही दिली, कुठे काम करायला हवं तेही दाखवलंत. सगळे लोक याच गल्लीतून जातात, असंच म्हणणं आहे ना तुमचं?”

“हो, पण...”

“मग सगळे जिथून जातात तो रस्ता रुंद आणि सरळ नको का? उद्या आग लागली, तर बंब कुठून जाईल?”

मी प्रबंध उघडला. शेवटचं प्रकरण त्यांच्यापुढे धरलं, बोळ सरळ केल्यावर कुठली तोंडं बुजतात ती यादी दाखवली. त्यांनी दोन पानं वाचली, खरंच वाचली. मग ते म्हणाले, “हे कागदावर बरोबर असेल. पण आपण तर सोय करतोय ना, बाई? गैरसोय कशी होईल?” त्यांनी माझा नकाशा चुकीचा वाचला असता तर मला भांडता आलं असतं. त्यांनी तो बरोबर वाचला होता. बंबाचं तर मी माझ्या गणितात कुठेच धरलं नव्हतं. मी समोरचा चहा पिऊन टाकला. पुढे मी कित्येक देशांत कित्येक साहेबांसमोर हेच बोलले आहे, आणि अजूनही त्या प्रश्नाला एका वाक्यात देता येईल असं उत्तर मला सापडलेलं नाही.

वस्तीतल्या लोकांनी अर्ज केला, सह्यांचा कागद फिरवला, आमचा नगरसेवक दोनदा येऊन हात जोडून गेला. काही लोकांना रस्ता हवाही होता, त्यांच्या दारात गाडी येणार होती, आणि त्यांचं तरी काय चुकलं? ते मला वाटेत थांबवून म्हणायचे, “तुझ्यामुळे झालं बरं का, पोरी.” मी खाली बघून पुढे जायची. मावशी मात्र काही म्हणत नव्हती. नकाशा कुणाचा ते तिला तेव्हा माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. ती रोज सकाळी पीठ आपटायची, आणि तो आवाज सुरू झाला की मी उठून मागच्या अंगणात जायची.

आणि मग, रस्त्याचा पक्का नकाशा शाईने गिरवण्याचं काम बाबांकडेच आलं. ऑफिसात त्यांच्याइतका चांगला हात कुणाचा नव्हता. ते नाही म्हणू शकत होते का, हा प्रश्न मी तेव्हा रागाच्या भरात त्यांना विचारला. नोकरीची शेवटची वर्षं, घरात तीन शिकणारी मुलं. आईच कडाडली, “तू तं बोलूच नको वं! दोघं बापलेक मिळून शाहणे झालते!” रविवारी बाबा फळी घेऊन बसले. मावशीच्या बाजूची रेघ ते कितीतरी वेळ काढत नव्हते, नुसतं पेन कागदाच्या वर अधांतरी धरून होते. मग मला जवळ बोलावून म्हणाले, “पाह्य. या मापात रेघेची जाडीच जमिनीवर दोन फूट होते. मी पूर्ण जाडी रस्त्याकडे घेतो, तिच्याकडे नाही. दुसऱ्यानं काढली असती तं ध्यानातच घेतलं नसतं.” त्यांनी ओटा वाचवण्यासाठी दोन फूट चोरले होते. ज्या माणसाने प्रत मांडणीवर ठेवण्याचा नियमही सोडला नाही, त्याने. मी त्यांच्या शेजारी बसून शाई भरून दिली.

जमिनीवर काम करणाऱ्यांनी रेघेची कड बघितलीच नाही. त्यांनी रस्त्याचा मध्य धरला आणि दोन्ही बाजूंना फीत लावली. ओटा गेला, पुढची खोली गेली, आणि पुढची भिंत गेल्यावर उभी राहीना म्हणून उरलेली खोलीही दोन दिवसांनी उतरवावी लागली. बाबा त्या दिवशी रजा काढून घरी होते. मावशीचं मडकं फुटू नये म्हणून ते स्वतः दोन्ही हातांनी उचलून आमच्या घरी घेऊन आले आणि ते कुठे ठेवावं हे न कळून बराच वेळ तसेच दारात उभे राहिले.

रस्ता झाल्यावर वर्षभराने सर म्हणाले, पुन्हा मोज. मी पुन्हा दोरी घेतली. या वेळी आई आली नाही. बुजतील म्हणून लिहिलेली सगळी तोंडं बुजली होती. रस्ता उंच झाला, कडेला नाली आली, मागच्या गल्ल्यांतल्या बायका नळाला जायला लांबचा फेरा घेत होत्या, आणि ज्या रस्त्यावर सगळ्यांनी यावं म्हणून तो केला होता तिथून ट्रक जात होते. माझं गणित जवळजवळ अचूक उतरलं होतं. सर आनंदाने टेबलावर थाप मारून म्हणाले की आधीचं आणि नंतरचं, दोन्ही मोजलेलं कुणाकडेच नसतं. त्यावर माझा पहिला निबंध छापून आला, त्यावर मला परदेशी जाता आलं, आणि त्यानंतर जे जे मिळालं ते सगळं त्याच दोन नकाशांच्या बळावर. मला लाज वाटली का? वाटली. मी निबंध छापायला दिला का? दिला.

मावशीला शहराच्या बाहेरच्या बाजूला एक खोली मिळाली होती, सरळ रांगेतली, समोर मोकळं मैदान. परदेशी जाण्याआधी मी तिला भेटायला गेले. चूल दारात होती आणि तिच्या तीन बाजूंना तिने पत्रे उभे केले होते. तरी वारा येतच होता. माझ्यासाठी म्हणून तिने रोटी टाकली, ती फाटली. दुसरीही फाटली. तिने ते तुकडे गोळा करून ताटलीत ठेवले, वर डाळभाजी वाढली आणि म्हणाली, “खाय. तुकडे असले तरी चव तेच असते.” मी खाल्लं. मग पदराला हात पुसत तिने विचारलं, “तुह्या बाबानं सांगतलं, आपल्या वस्तीचा पहिला नकाशा तूच काढलता म्हणे. आणला असन तं दाखव ना. मी कधी नकाशा नीट पाह्यलाच नाही.”

तो माझ्या पिशवीत होता, आधीचा, बाबांनी गिरवलेला. मी तिच्यापुढे जमिनीवर पसरला. तिने विहार ओळखला, नळ ओळखला, आमच्या घराकडच्या तोंडापासून बोट फिरवत फिरवत बोळातून पुढे आली आणि वळणावर येऊन थांबली.

“आणि माह्यं घर?”

मी बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं. मी घरं काढलीच नव्हती, माझ्या गणिताला ती लागत नव्हती. दोन काळ्या रेघांच्या मधे पांढरा कागद होता, बाबांनी एक डागही न पडू दिलेला. मावशी वाकून बघत राहिली. तिने माझं बोट बाजूला करून खालीही पाहिलं.

“इथे तं कोराच कागद आहे वं,” ती म्हणाली.

कागदावर पाणी पडू नये म्हणून मी तोंड फिरवलं. तिला वाटलं मी तिच्यासाठी रडते आहे. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, नकाशाची नीट घडी घातली आणि मला समजावत म्हणाली, “मंग त्या लोकाइची काय चूक, बाई? त्याइले माह्यं घर दिसलंच नसन.”